गळ पाण्यात, नजर काठावर

डोंबिवलीजवळचं निळजे, खिडकाळेश्वराच्या देवळालगतचं तळं किंवा ठाण्यात येऊरच्या पायथ्याचं उपवन, अशी ही तळी. सकाळी गळ टाकून बसणाऱ्याला मासा लागो न लागो, बघण्यासारखं पुष्कळ असतं. निमूट बसायची सवय लागलेल्या माणसापासून पाखरंही फारशी बुजत नाहीत.

समोरच्या चिखलात वंचक बगळा असतो. मातकट, रेघारेघांचा, अगदी चार हातांवर असूनही दिसत नाही. तो उडाला की मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि बघणारा दचकतोच. खंड्या फांदीवरून सूर मारून मासा आणतो, त्याला फांदीवर आपटतो आणि मग डोक्याकडून गिळतो, म्हणजे खवले घशात अडकत नाहीत. काळा-पांढरा कवड्या खंड्या तर फांदीशिवायच, पाण्यावर हवेत एका जागी फडफडत थांबतो.

पाण्यातून डोकं काढणारी दिवड बघून लोक दगड उचलतात. हा साप बिनविषारी आहे; बेडूक आणि मासे हे त्याचं खाणं.

सगळ्यात विलक्षण कमळपक्षी. लांबलचक बोटांमुळे तो तरंगत्या पानांवरून चालतो. मादी अंडी घालून दुसरा जोडीदार शोधते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे!

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. तिथल्या रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) कौतुक हवंच, पण या लहान तळ्यांकडेही लक्ष हवं. गळ टाकणाऱ्यांनी निदान एवढं करावं: तुटलेली नायलॉनची तंगूस काठावर टाकू नये, गुंडाळून घरी न्यावी. तिच्यात पाखरांचे पाय अडकतात.