शिकणारा कामगार, पैसे देणारी कंपनी

"ऑनलाइन कोर्स चाललाय, पण आता कंपन्यांना ट्रेनिंग विकायचंय. कसं करू?" गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी मला हे विचारलंय. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. धंद्याचं लिहितोय, पण त्यात आपल्या एमआयडीसीतल्या पोरांचाही प्रश्न आहे.

माझा कोर्स सीएनसी ऑपरेटरसाठी. ड्रॉइंग कसं वाचायचं, मायक्रोमीटर कसा धरायचा, जी-कोड, टूल ऑफसेट, सगळं मराठीतून. घेणारी मुलं बहुतेक सातपूर, अंबड, सिन्नरची. किंमत ९९९ रुपये, तीही स्वतःच्या पगारातून. पाळी करून यायचं, जेवायचं आणि खोलीवर बाकीचे झोपले असताना इयरफोन लावून बघायचं. कोर्स शेवटपर्यंत नेणारे थोडेच, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. इकडे जाहिरातीचा खर्च वजा जाता माझ्याही हातात फारसं उरत नव्हतं. म्हणून कंपन्यांकडे वळलो.

पहिली गोष्ट, कंपनीला तुमचे व्हिडिओ नको असतात. तीस तासांचा कोर्स म्हटलं की समोरचा घड्याळ बघतो. मी आता कोर्सची यादी घेऊन जातच नाही. क्वालिटीच्या माणसाला म्हणतो, रिजेक्शनचा लाल ट्रे दाखवा. त्यातले दहा-वीस जॉब हातात घेऊन मोजले की कळतं, गडबड मोजण्यात आहे, ऑफसेट टाकण्यात आहे, की ड्रॉइंगवरचा टॉलरन्सच कुणी वाचलेला नाही. मग तेवढ्यापुरतं चार-पाच तासांचं ट्रेनिंग, त्यांच्याच जॉबवर. व्हिडिओ नंतर उजळणीला. कंपनी याचे पैसे देते, कारण ट्रे रिकामा राहतोय की नाही ते महिन्याभरात सगळ्यांना दिसतं.

बऱ्याच ठिकाणी ट्रेनिंगचं खरं कारण मात्र ऑडिट असतं. आयएसओ ९००१ च्या कलम ७.२ प्रमाणे माणूस त्या कामाला सक्षम आहे याचा लेखी पुरावा ठेवावा लागतो. मग ऑडिटच्या आधल्या आठवड्यात फोन येतो, "सर, दोन तासांत उरका, फोटो आणि सह्या तेवढ्या व्यवस्थित घ्या." गंमत म्हणजे दिलेल्या ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासा, असंही त्याच कलमात आहे. ते हजेरीच्या कागदाखाली दबून जातं. मी कोटेशनमध्येच आधीची आणि नंतरची चाचणी धरतो, मायक्रोमीटर हातात देऊन. ज्यांना ती नको त्यांचं काम घेत नाही. सह्या गोळा करायला मी कशाला हवा?

पैशांचं थोडक्यात सांगतो. बिल केलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, कंपनीने दमडी दिलेली नसली तरी. म्हणून उद्यम नोंदणी आधी करा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात नव्वद दिवस लिहिले असले तरी. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्यावर आयकराची पाचर मारली. मुदत उलटली की तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी वजा होतो. त्यामुळे मार्चअखेर अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, एरवी आपण करायचा. उशिराचं व्याज कायद्याने मागता येतं, बँक रेटच्या तिप्पट. पण ते मागणारा व्हेंडर पुढच्या वर्षी यादीत राहत नाही, हेही खरं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मुलगा स्वतः पैसे देत होता तेव्हा तो माझं गिऱ्हाईक होता. कंपनी पैसे देते तेव्हा शिकणारा तोच, पण त्याला कुणी काही विचारत नाही. पहिली पाळी सुटल्यावर दोन तास बसवून ठेवतात. पहाटे उठून आलेला मुलगा, बस गेलेली, ओव्हरटाइम धरलेला नाही. कंपनीच्या कामासाठी शिकायचं तर ते कामच झालं ना? माझी अट असते, ट्रेनिंग पाळीच्या वेळेत. एका प्लांट हेडनी विचारलं, "मशीन बंद ठेवू का मग?" म्हटलं, दोन बॅच करा, निम्मी मशीन चालू राहतील. केलं त्यांनी.

दुसरी अडचण याहून मोठी. मशीनवर उभी असतात ठेकेदाराची मुलं आणि ट्रेनिंगच्या यादीत नावं कायम कामगारांची. एचआरला खासगीत विचारा. ठेकेदाराच्या माणसाला आम्ही थेट शिकवलं तर उद्या तो कोर्टात 'मी यांचाच कामगार' म्हणेल, ही भीती. भीती अगदीच खोटी नाही. अशा खटल्यांत देखरेख आणि नियंत्रण कुणाचं होतं ते बघतातच. पण व्हायचं ते होतं. ज्याच्या हातून जॉब बिघडतो त्यालाच शिकवायचं नाही. काही महिन्यांनी त्याला ब्रेक, जागी नवा मुलगा, आणि लाल ट्रे तसाच भरलेला.

एका ठिकाणी तोड निघाली. कंपनीने ठेकेदाराच्या दरातच ट्रेनिंगची रक्कम धरली, मी बिल ठेकेदाराच्या नावाने केलं. दुसऱ्या ठिकाणी ठेकेदारच म्हणाला, "शिकला की दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात जातो. मी कशाला खर्च करू?" आता दोन हजार जास्त मिळत असतील तर त्याने का जाऊ नये, हे मी त्याला विचारलं. तो नुसता हसला.

सर्टिफिकेट मी मुलाच्याच हातात देतो, फाईलला लावायला झेरॉक्स. व्हिडिओचं लॉगिन त्याच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर, नोकरी सुटली तरी चालू राहणारं. दोन कंपन्यांनी याला हरकत घेतली. एकीने मग मान्य केलं, दुसरीचं काम मिळालं नाही.