हातचा नसलेली संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं. कुणी गंमत म्हणून अंक मांडले असावेत असं वाटतं. पण ही सतरा अंकी संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग आहे.

देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक द. रा. कापरेकर या कुळातल्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणत. डेम्लो हे आजच्या डोंबिवली स्थानकाचं तेव्हाचं नाव; कल्पना तिथे सुचली. संख्यांच्या एका घराण्याला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या स्थानकाचं नाव मिळावं, हे मला मनापासून आवडतं.

आपल्या सतरा अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. या ८१ ने तिलाच गुणलं, की ९९९९९९९९८००००००००१ येतात, म्हणजे नऊ नवांचा वर्ग. त्याचे मधोमध दोन तुकडे करून मिळवा: ९९९९९९९९८ आणि १. पुन्हा नऊ नऊ! वर्गाचे तुकडे मिळवून मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५.

असल्या गमतींवर गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात नाक मुरडलं होतं. त्यांचं एक उदाहरण: ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे उलट्या अंकांच्या पटीत. कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काय, असा त्यांचा सूर. (हीच ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग, आणि ९८ अधिक १ किती?) त्यांचा मुद्दा मात्र खोटा नाही. आपल्या संख्येचे अविभाज्य अवयव ३, ३७ आणि ३३३६६७, प्रत्येक एकाहून जास्त वेळा. हे तिचे स्वतःचे, कुठल्याही पद्धतीत लिहा. अंकांचं शिखर मात्र दहा बोटांमुळे आलेल्या दशमान पद्धतीत दिसणारं.

तरी ते शिखर का उभं राहतं, हे पाटीवर गुणाकार मांडून बघावं. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रांगांत एक, दोन, तीन करत मधल्या रांगेत नऊ एक जमतात, पुढे कमी होत जातात. कुठेही हातचा नाही. दहा एक घेतले, की मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब.

आता आठ बोटांचे प्राणी आठच्या पद्धतीत मोजतात असं धरा. त्यांच्या सात एकांचा वर्ग त्यांच्या लेखी १२३४५६७६५४३२१ येईल. सहाच्या पद्धतीत पाच एक घ्या, १२३४५४३२१. प्रत्येक पद्धतीत पायापेक्षा एकाने कमी उंचीचं शिखर असतंच. म्हणजे दशमानाची म्हणून वाटलेली गंमत एकट्या दशमानाची नव्हतीच. तिची खोली हार्डींना पुरेशी वाटली नसती, हे मान्य. पण चौथीतल्या मुलालाही ही गंमत पाटीवर स्वतः तपासता येते.