शिवाशिवीचा अर्ज

कबड्डीला मैदान आखावं लागतं, खो-खोला खांब पुरावे लागतात, लगोरीला सात चिपा आणि एक चेंडू तरी हवाच. शिवाशिवीला यातलं काही लागत नाही. चकून राज्य कुणावर ते ठरलं की पळायला सुरुवात. म्हणूनच असेल, शाळेच्या दप्तरी या खेळाची नोंद नसते. साहित्य नाही म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून पावती नाही, आणि जिची पावती नाही ती गोष्ट शाळेत घडली असं कुणी मानत नाही.

डोळखांबला आम्ही ती खेळलो ते कुणाला न विचारता. भात कापून खाचरं रिकामी झाली की शाळेचं मैदान आपोआप वाढायचं. पलीकडच्या बांधापुढे गेलं की आउट, एवढीच हद्द. धसकटं अनवाणी पायांना टोचायची, आणि जो पाय बघत पळायचा तो हमखास सापडायचा. समोर आजोबाचा डोंगर. तिथं वाल्मिकींचा आश्रम होता आणि लव-कुश तिथेच वाढले, असं आमच्याकडे सांगतात. ती दोघं त्या कड्यांवर शिवाशिवीच खेळत असणार, याबद्दल आमच्या वर्गात कुणाला शंका नव्हती. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुली त्यांना बांधावर बसवत. त्यातलं जरा पळतं पोर असेल तर ते कच्चं लिंबू. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही. पण त्याला सगळ्यांबरोबर पळू द्यायचं आणि मधूनमधून त्याच्या मागे लागल्यासारखंही करायचं. इतका सभ्य नियम मी पुढे नोकरीत आल्यावरही कुठल्या परिपत्रकात वाचला नाही.

दिवाळी सरली की गडी कमी व्हायचे. कातकरवाडीतली पोरं आईबापांबरोबर भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जायची, ती पावसाच्या तोंडाशी परत. चकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती गेली की खेळ नुसता चालू राहायचा.

सातवीनंतर आम्हा मुलींचं पळणं थांबलं. बंदी कुणी घातली नाही. घरातून एक वाक्य आलं, शाळेतून एक नजर आली, तेवढं पुरलं. मुलीच्या जातीनं पळायला मान्यता फक्त खो-खोच्या संघात होती, म्हणून मी संघात गेले. खो-खो म्हणजे तरी काय, कायदेकानूत बसवलेला पाठलागच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याचे नियम बांधले, तिथून तो शाळाशाळांत पोचला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. ते सामने बघताना मी टीव्हीपुढून उठले नाही. पण खरं सांगायचं तर शाळेत खो-खोला मान मिळाला तो पाठलागामुळे नाही. तालुका, जिल्हा, विभाग अशा स्पर्धा, त्यांची प्रमाणपत्रं आणि दहावीला सवलतीचे गुण, यांमुळे तो मिळाला. शिवाशिवीत कुणी जिंकतच नाही. घंटा होते तेव्हा ज्याच्यावर राज्य असेल, त्याच्यावर ते उद्यापर्यंत राहतं. याचं प्रमाणपत्र कोण आणि कसं काढणार?

मास्तरीण झाले आणि मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत रुजू झाले. तिथं माझ्या मनात आलं, की वर्षातून काही वेळा पहिली ते आठवी सगळ्या शाळेनं मिळून विषामृत खेळावं. विषाचा हात लागला की जागच्या जागी बसायचं, अमृताचा लागला की उठून पळायचं. आमचे मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बाई, पोर पडलं तर केंद्रप्रमुखांना मी काय लिहून देऊ?" मागोमाग आणखी प्रश्न आले. विहिरीचं काय? फाटकाबाहेरून एसटी जाते, तिचं काय? मोठी मुलं मोठ्या मुलींना हात लावणार, पालकांना कोण तोंड देणार? मला तेव्हा राग आला होता. पण शिक्षणहक्काच्या कायद्याने २००९ मध्ये शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य द्यायला सांगितलं. त्या मैदानावर पोर पडलं तर मुख्याध्यापकाच्या मागे कोण उभं राहील, हे त्यात कुठे आहे? सही त्यांची, जबाब त्यांचा. नकार स्वस्त पडतो, म्हणून नकार मिळतो.

हे बदललं ते करोनानंतर. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. अंतर ठेवा, हात लावू नका, खेळ बंद. ज्या खेळात हात लावणं हाच खेळ, तो तर आधी गेला. पण पोरांनी दोन-चार दिवसांतच सावलीची शिवाशिवी काढली. दुसऱ्याच्या सावलीवर पाय दिला की राज्य त्याच्यावर. सकाळी परिपाठाआधी सावल्या लांबलचक, तेव्हा पटापट आउट. मोठ्या सुट्टीत सावली पायाशी गोळा झालेली, मग कुणीच सापडेना. सहावीतली एक मुलगी तर सुट्टीभर पिंपळाखाली उभी. झाडाच्या सावलीत तिची सावली दिसेना, म्हणून तिला आउट कसं करायचं यावर भांडण. ते भांडण मुख्याध्यापकांपर्यंत गेलं आणि त्यांनी चक्क निवाडा दिला: झाडाखाली दहा आकडे मोजेपर्यंतच थांबायचं. नियम त्यांनी केला म्हटल्यावर खेळही थोडा त्यांचा झाला.

पुढे मी अर्ज केला तो रीतसर. "उपरोक्त विषयान्वये" वगैरे सगळं. उपक्रमाचं नाव लिहिलं "पाठलाग व चपळता". विषामृत लिहिलं असतं तर विष कुठून आणणार, असा शेरा आला असता. त्यांच्या जुन्या प्रश्नांची उत्तरं ओळीनं दिली. विहीर, स्वच्छतागृह आणि व्हरांडा फक्कीनं आखून बाद. फाटकाला आतून कडी आणि तिथं शिपाईमामा. हात फक्त पाठीवर किंवा दंडावर. पहिली-दुसरी कच्चं लिंबू. प्रथमोपचार पेटी घेऊन एक बाई सावलीत. पालकसभेत आधी सांगितलेलं. सही झाली. २०२४ मध्ये सरकारनं पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आणला, तेव्हा तर हा खेळ लिहायला वहीत रकानाही मिळाला.

शेवटी साखळी घेतो. सापडेल त्यानं हात धरून साखळीत यायचं. आठवीतली मुलं-मुली एकमेकांचे हात धरायला काही केल्या तयार नाहीत. ती रुमालाची दोन टोकं धरतात. रुमाल सुटला की साखळी तुटली आणि सगळे परत मोकळे. त्यामुळे आमच्याकडे सगळी शाळा एका साखळीत आल्याचं अजून एकदाही झालेलं नाही.

तुमच्या शाळेत हे मागायचं असेल, तर खेळाचे फायदे सांगत बसू नका. ते मुख्याध्यापकांना पाठ असतात. पोर पडल्यावर कोण धावेल, ते नावानिशी लिहून द्या. हद्द आदल्या दिवशीच आखा. आणि पहिलं राज्य मुख्याध्यापकांवर देऊ नका, शिपाईमामांवर द्या.