गोल्फच्या मैदानावरील दुकान

गिऱ्हाइकाला हवें तें विकणें हा व्यापार, आणि त्याच्या उपयोगी नाहीं तें न विकणें हा शहाणपणा. पण हा शहाणपणा आम्हांस फार उशिरां आला. पुण्याजवळच्या एका गोल्फच्या मैदानाच्या फाटकापाशीं आम्हीं दुकान थाटलें, तेव्हां आमच्या अंगीं उत्साह होता आणि डोक्यावर बँकेचें कर्ज. सभासदांपाशीं पैसा आहे, सबब दुकान चालणारच, असा आमचा सरळ हिशेब! त्या हिशेबानें आम्हीं भिंतभर चकचकीत काठ्या मांडल्या. सभासद येत, काठी हवेंत दोनदां फिरवीत, भाव विचारीत, आणि ती जागच्या जागीं ठेवून खेळावयास जात. वर्ष सरे, कारखान्याचा नवा नमुना बाजारांत येई, आणि आमची काठी भिंतीवरच म्हातारी होई. खपत काय, तर चेंडू, हातमोजे, टोप्या आणि चेंडू ठेवावयाच्या लांकडी खुंट्या.

अशांत एके दिवशीं एक वृद्ध, निवृत्त कर्नलसाहेब आले. म्हणाले, "चेंडू पूर्वीसारखा दूर जात नाहीं. तुमच्याकडची सर्वांत चांगली काठी द्या." दुसऱ्याच दिवशीं आम्हांस हप्ता भरावयाचा होता. सर्वांत महाग काठीकडे आमचा हात गेलाहि. पण त्यांची जुनी काठी सहज उचलून पाहिली, तों मुठीवरचें रबर वाळून गुळगुळीत झालेलें! काठी निसटूं नये म्हणून ते ती आवळून धरीत, आणि मनगटें मोकळीं फिरत नसत. आम्ही क्षणभर गप्प राहिलों. मग नवें रबर बसवून दिलें. मिळालेले पैसे हप्त्याच्या मानानें कांहींच नव्हते. त्या रात्रीं स्वतःला मूर्ख म्हणतच आम्ही झोंपलों.

पुढें स्कॉटलंडांतील सेंट अँड्रूजच्या टॉम मॉरिसची हकीकत आमच्या वाचनांत आली. तरुणपणीं तो ॲलन रॉबर्टसन ह्या कारागिराच्या हाताखालीं कातड्यांत पिसें ठासून चेंडू करी. कसबी हातानेंहि दिवसाकांठीं तीन-चारच होत, म्हणून ते महाग. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडांच्या चिकाचा, गटापर्चाचा, स्वस्त चेंडू आला. धंदा बुडेल ह्या भयानें रॉबर्टसननें त्याचा द्वेष केला. टॉम त्या चेंडूनें खेळला, एवढ्यावरून दोघांची फारकत झाली. अखेर रॉबर्टसनलाहि तोच चेंडू करावा लागला! टॉम पुढें ओपन स्पर्धा चार वेळां जिंकला, आणि १८६६ सालीं, जेथें खेळ संपतो त्या अठराव्या खळीलगत, त्यानें आपलें दुकान मांडलें. गिऱ्हाइकाचा फायदा दाराबाहेर अडवून दुकान तगत नाहीं, हा बोध आम्हीं त्यांतून घेतला.

कर्नलसाहेब आठवड्यानें परत आले, ते दोन मित्रांना घेऊन. तिघांच्याहि काठ्यांचीं रबरें बदलावयाचीं होतीं. आम्हीं अर्धी भिंत रिकामी केली, जुने नमुने पडेल भावानें काढले, आणि तेथें दुरुस्तीचें मेज व एक बांक मांडला. कर्ज फिटावयास सात वर्षें लागलीं. कर्नलसाहेब आतां नाहींत. आमच्याकडून नवी काठी त्यांनीं अखेरपर्यंत घेतली नाहीं. तरी वहींतील सर्वांत मोठी जमा कोणाच्या नांवावर, असें कोणीं विचारलें, तर आम्ही त्यांचेंच नांव सांगूं.