अपडेट येईपर्यंत

चिचगड, ता. देवरी

९ फेब्रुवारी २०२६, सोमवार

उन्हाळी धानाची रोवणी आटोपत आली. आज सकाळी पालांदूरकडचे एक काकाजी मुलाने पुण्याहून पाठवलेला नवा फोन घेऊन दुकानात आले. "भाऊ, यात मोटारीचं अ‍ॅप टाकून दे गा." प्ले स्टोअरवर नाव टाकलं तर अ‍ॅप दिसेचना. लिंकवरून गेलो, तेव्हा निरोप आला की हे अ‍ॅप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं आहे, या फोनसाठी नाही. जुन्या फोनात ते होतं, पण त्याची बॅटरी फुगलेली. चार्जर काढला की फोन बंद.

काकाजींच्या बोअरवर मोबाईल स्टार्टरची पेटी मीच बसवली आहे. पेटी ठणठणीत आहे, मोटार चांगली आहे, सिममध्ये रिचार्ज आहे. फक्त मोटार चालू करणारं बटण फोनात येत नाही.

पेटीच्या कंपनीला फोन लावला. चार-पाच माणसांची छोटी कंपनी, सगळ्यांशी बोलणं होतं. उत्तर मिळालं, "अपडेट पुढच्या आठवड्यात." दिवाळीनंतर मंडया चालू होत्या तेव्हाही हेच ऐकलं होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

रात्री बसून गुगलचे नियम वाचून काढले. प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपने दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायचं असतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवं अ‍ॅप किंवा अपडेट टाकायचं तर ते अँड्रॉइड १५ धरून बांधावं लागतं. आधीपासूनचं अ‍ॅप निदान अँड्रॉइड १४ धरून बांधलेलं नसेल, तर ते ज्या आवृत्तीसाठी बांधलं तिच्याहून नव्या आवृत्तीच्या फोनांवर ते नव्या ग्राहकाला दिसत नाही. मागितली तर १ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळत होती. तीही कधीच सरली.

यात एक वाट उघडी आहे. ज्या गुगल खात्यावर अ‍ॅप पूर्वी घेतलं असेल, त्या खात्यावर ते पुन्हा घेता येतं. म्हणून फोन बदलला की जुनं जीमेल शोधायचं. पण आपल्याकडे फोन बदलला की जीमेलही बदलतं. जुना पासवर्ड कुणाच्या लक्षात नसतो, पोरं नवं खातं उघडून देतात आणि मोकळी होतात. काकाजींचं जुनं खातं त्या फुगलेल्या फोनात सापडलं. फोन चार्जरला लावूनच पासवर्ड बदलून घेतला, तेव्हा नव्या फोनात अ‍ॅप आलं. बाकीच्यांचं असं जमेलच असं नाही.

नियम मला चुकीचा वाटत नाही. जुन्या बांधणीच्या अ‍ॅपला फोनातल्या गोष्टींवर जास्त मोकळीक मिळते आणि चोरांना तीच हवी असते. पण ज्या कंपनीत पेटी जोडणारा, तक्रार घेणारा आणि माल पाठवणारा एकच माणूस असतो, तिथे दरवर्षी अ‍ॅप नव्याने बांधायचं कुणी? हा खर्च पेटीच्या किमतीत कुणी धरलेलाच नसतो. पेटी एकदा विकली जाते, अ‍ॅप मात्र पेटी चालेल तितकी वर्षं सांभाळावं लागतं.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

अर्धं गाव प्रतापगडच्या यात्रेला. आमच्या फिडरवर आजपासून रात्रपाळीची वीज. रोवून झालेल्या बांध्यांत पाणी उभं राहिलं पाहिजे, म्हणजे रात्री बोअर चालवावा लागणार. ज्यांचं अ‍ॅप चालत नाही ते टॉर्च आणि काठी घेऊन निघतील. धुऱ्यावर साप, मोहाच्या झाडांकडे अस्वल. या भीतीपायीच लोकांनी पेट्या घेतल्या होत्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं त्याचा अंदाज होता. टोलीकडची डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली.

अ‍ॅप बंद पडलं की माणूस रात्री शेतात जाणं टाळतो आणि स्टार्टरला ऑटो स्विच लावून ठेवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. एकाने लावलं तर काही बिघडत नाही. सगळ्यांनी लावलं की वीज येताच त्या डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तो सगळा भार एकदम रोहित्रावर पडतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. ते बरोबरच आहे. पण रात्रीच्या विजेला दुसरा उपाय हाताशी नसेल तर लोक स्विच काढणार कसे?

मोबाईल स्टार्टरचं मला मोठं वाटतं ते इथेच. माणूस घरी बसून दहा मिनिटं मागेपुढे मोटार लावतो, सगळ्यांच्या वेळा वेगळ्या पडतात आणि डीपी वाचते. शहरात बसलेल्याला अपडेट लांबलं म्हणजे किरकोळ अडचण वाटेल. इथे आता रोहित्र बदलून येईपर्यंत त्या डीपीवरच्या साऱ्या बांध्या कोरड्या. ज्यांनी पेटी कधी घेतलीच नव्हती, त्यांच्याही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दोन पेट्या उघडून शेजारी ठेवल्या, एक जुनी, एक नवी. जुनीच्या झाकणात मुंग्यांनी माती भरलेली, कोपऱ्यात पालीची दोन अंडी. ब्रशने साफ केलं. आत रिले, छोटी बॅटरी, सिमचा कप्पा आणि लुकलुकणारा हिरवा दिवा. ही पेटी मेसेजवर चालते. अ‍ॅप फक्त ठरलेला मेसेज तयार करून देतं. तोच मेसेज हाताने टाइप करून पाठवला, तर टक्क आवाज होऊन रिले ओढली गेली. म्हणजे जुन्या पेटीला अ‍ॅपवाचून काही अडत नाही.

नवी पेटी इंटरनेटवर चालते. तिचा हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून पेटीत येतो. मेसेज पाठवला तर ढिम्म. मिस्ड कॉललाही उत्तर नाही. दिसायला देखणी, मोटारीचा करंट, व्होल्टेज सगळं दाखवते, पण अ‍ॅप नसेल तर भिंतीवरचा नुसता डबा.

या यंत्राची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' बनवलं तेव्हा शेतकऱ्याच्या हातात साधा बटणांचा फोन होता. पेटीला फोन लावायचा, आकडे दाबायचे, मोटार चालू. २००९ साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्या कल्पनेचं बळ साधेपणात होतं. नवी पेटी करणाऱ्यांनी वरून हवं ते चढवावं, खालचा हा पाया मात्र काढायला नको होता. जंगलपट्टीत नेट जातं तेव्हाही एखादा मेसेज निसटून पोचतो.

सिमचंही तसंच. जुन्या पेटीत टूजीचं मॉडेम, म्हणून जिओचं सिम चालत नाही, त्यांच्याकडे टूजी नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने मोबाईल कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे, वर्षभराच्या मुदतीपर्यंतचे पॅक देण्याची मुभा दिली आणि असा निदान एक पॅक ठेवणं बंधनकारक केलं. पेटीतल्या सिमला हवं असतं ते नेमकं हेच.

संध्याकाळी जुन्या पेट्यांचे हुकूम मराठीत लिहून चिठ्ठ्या छापल्या. चालू, बंद, वीज आहे का. प्रत्येकाच्या स्टार्टरच्या दारावर आतून एक चिकटवायची.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाईल पाठवली. सोबत निरोप, ग्राहकांना थेट टाकून द्या. मी टाकणार नाही आणि तसं कळवलं. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलानाच्या नावाने अशाच फाईली पाठवून लोकांची खाती रिकामी केली जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडू नका, हे मी इथे प्रत्येकाला सांगतो. त्याच तोंडाने उद्या "ही उघडा, ही चांगली आहे" म्हणालो, तर पुढची फाईल चांगली की वाईट हे त्या काकाजींनी कशावरून ओळखायचं? माझ्यासमोरचा ग्राहक अडला आहे, हे मला कळतं. तरी नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीतल्या पोराने आज खरं कारण सांगितलं. बोलताना त्याचा आवाज थकलेला होता. अ‍ॅप बाहेरच्या एका माणसाकडून करून घेतलं होतं. अ‍ॅपवर सही करायची डिजिटल चावी त्याच्याच संगणकात होती. तो सोडून गेला, संगणक विकला गेला. २०२१ च्या ऑगस्टनंतरच्या नव्या अ‍ॅपांची सहीची चावी गुगलकडेच राहते, अपलोडची हरवली तर बदलून मिळते. यांचं अ‍ॅप त्याआधीचं आणि त्या सोयीत कधी घातलेलं नाही. त्यामुळे जुन्या अ‍ॅपवर अपडेट टाकता येणारच नाही. नव्या नावाने वेगळं अ‍ॅप काढायचं आणि प्रत्येक पेटी त्याला पुन्हा जोडायची, एवढंच उरलं.

मी त्याला रागावलो नाही. एवढंच म्हटलं की हे नोव्हेंबरात कळलं असतं, तर रोवणीच्या आधी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लावून झाल्या असत्या. उशीर माणूस सोसतो. पण "पुढच्या आठवड्यात" या शब्दावर त्याने रोवणी केलेली असते.

कंपनी गेली तरी यंत्र चालू राहू शकतं. पेबल नावाचं स्मार्ट घड्याळ काढणारी कंपनी २०१६ च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन 'रेबल' नावाने तिच्या सेवा चालू ठेवल्या. पुढे जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पेबलच्या प्रणालीचा कोडच खुला केला. आमच्या पेट्यांचे हुकूम, सर्व्हरशी बोलायची पद्धत, हे कागदावर उघड ठेवलं तर कंपनी राहो न राहो, देवरीच्या आयटीआयचा एखादा पोरगा ती चालवून दाखवेल. हे मी त्याला बोललो. "सरांना विचारतो," म्हणाला.

४ मार्च, बुधवार

दुकान बंद. टोलीकडची डीपी बदलून आली. दोन जणांनी स्वतःहून ऑटो स्विच काढून आणून दिले.

११ मार्च, बुधवार

नवं अ‍ॅप प्ले स्टोअरवर आलं. सकाळी काकाजींच्या बोअरवर जाऊन पेटी जोडली. पेटीचं बारीक बटण दिवा लाल होईपर्यंत दाबून धरायचं, मग फोनात नंबर टाकायचा. काकाजींनी स्वतः मोटार लावली, बंद केली, पुन्हा लावली. "आता नाही ना जाणार गा हे?" दरवर्षी नवी तारीख येते, हे त्यांना सांगितलं. दारावरची चिठ्ठी काढू नका, हेही सांगितलं.

रात्री कंपनीला लिहून पाठवलं: मेसेज किंवा मिस्ड कॉलवर चालणारी पेटी असेल तरच यापुढे माझ्या दुकानातून विकली जाईल. अपडेट लांबणार असेल तर ऑगस्टातच कळवा, वाईट बातमी असली तरी चालेल. उद्यापासून ककोडीच्या बाजूच्या पेट्या घ्यायच्या आहेत. तिकडे नेट नसतं, म्हणून जोडणीची माहिती इथूनच उतरवून नेतो.