पहाटेची गोळी

४ जुलै
रिपोर्ट आला. टीएसएच १४.६. हवं चारच्या आत. अँटी-टीपीओही वाढलेलं. शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उठलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाशिमोटो. बायकांत फार दिसतो. तुम्ही आळशी झालेल्या नाही आहात." रिक्षात बसल्यावर रडू आलं.

५ जुलै
लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा पाऊण तासाने. सासूबाईंना पटेना. पहाटेचा चहा आम्ही दोघी लग्नापासून बरोबर घेतो. "घोटभर घेतलास तर काय होतंय गं?" चहाने गोळी नीट शोषली जात नाही, असं सांगितलं. बोलल्या नाहीत.

६ जुलै
आषाढी. गोळीला उपासाची सुट्टी नाही. देवळात अभंग धरला, काळी तीनच्या पुढे आवाज जाईना. गेल्या वर्षी काळी पाचवर गात होते. हाही थायरॉईडच. घोगरेपणा त्यातूनच येतो म्हणे.

९ जुलै
बी१२ कमी. डी जीवनसत्त्व ११. फेरिटिन तळाला. विचारलं, हे भरून निघालं की थायरॉईड बरा होईल का? नाही. त्याची गोळी वेगळी, या कमतरता वेगळ्या. थकव्यात मात्र सगळ्यांचा वाटा.

१० जुलै
फ्रिजवर कागद चिकटवला. पहाटे पाचला थायरॉईड. दुपारी लोह, लिंबूपाण्याबरोबर. बी१२ नाश्त्यानंतर. कॅल्शियम रात्रीच्या जेवणात. डी रविवारी, ६०,००० युनिटची कॅप्सूल, जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियम पहाटेच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायचं. हे कुणी आधी सांगत का नाही? मैत्रीण कित्येक वर्षं सगळ्या गोळ्या एकदम घेते आहे.

१८ जुलै
फरक नाही.

२३ जुलै
ऑफिसात सगळ्यांना पंखा हवा, मला स्वेटर. न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका.

२५ जुलै
डोस वाढवायचा का, म्हणून फोन केला. नको म्हणाल्या. रक्तातली पातळी स्थिरावायलाच सहा आठवडे जातात. थांबणं हाही उपचारच. अवघड आहे.

२८ जुलै
श्रावणी सोमवार. सासूबाई उठून ओट्याशी बसलेल्या. आधण ठेवलेलं नव्हतं. "तुझी वेळ होऊ दे."

११ ऑगस्ट
शेजारच्या वहिनींनी केसांसाठी बायोटिन आणून दिलं. प्रेमाने दिलं. पण त्याने थायरॉईडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, तपासणीआधी दोन दिवस तरी बंद ठेवावं लागतं. परत केलं. वहिनी स्वतःही थायरॉईडची गोळी घेतात. त्यांनाही सांगितलं.

३० ऑगस्ट
टीएसएच ७.१. डोस ७५.

१ सप्टेंबर
गौरीजेवण. पुरण मीच वाटलं. दुपारी आडवं व्हावं लागलं नाही.

२१ सप्टेंबर
वाचलं. १८९१ साली इंग्लंडात डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षं जगली. मीही ४६. त्याआधी अशा बायकांचं काय होत असेल? किती जणींना घरात ऐदी, सुस्त म्हटलं असेल.

७ ऑक्टोबर
काकडा सुरू. देवळात पाचला हजर. गोळी साडेचारला. आरती आटपेपर्यंत तास होतो, मग देवळातला चहा चालतो.

१९ ऑक्टोबर
फराळ झाला. चकल्या मोडल्या नाहीत. केस गळणं कमी.

१ नोव्हेंबर
टीएसएच २.९. डी ३४. बी१२ ठीक. डोस तोच, पुन्हा सहा महिन्यांनी. गोळी बहुधा जन्मभर. ऐकून वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

२ नोव्हेंबर
कार्तिकी. काळी चार लागली. पाच अजून नाही.
रात्री धाकट्या बहिणीचा फोन. दिवसभर झोप येते, पाळी लांबलीय, टाचा फुटल्यात. "वयाचं असेल गं ताई." हा आजार घराण्यात येतो. तिला म्हटलं, उद्या रक्त द्यायला जायचं, मी येते बरोबर.