खुडूक काळी

चार दिवस पागोळ्या थांबलेल्या नाहीत. खुराड्यातला तूस मुठीत दाबला, तर त्याचा गोळाच झाला. याच ओलीत पिल्लांना रक्ती हगवण लागते, म्हणून सगळा काढून कोरडा तूस पसरला.

तांबडी कोंबडी कोंडल्यामुळे चिडली आहे, दुसऱ्यांची पिसं उपटते. तिला डालग्याखाली वेगळं ठेवलं.

काळी मात्र खुडूक. पंख फुलवून कोपऱ्यात बसते, हात नेला की टोचते. आई अशा कोंबडीचा खुडूकपणा मोडायला तिला पाण्यात बुचकळायची. मला ते करवत नाही. तिच्याखाली 9 अंडी ठेवली. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडली आहे, हाताला अगदी ऊन लागते. काय हा जीव लावणं!

आज 5वा दिवस. पिल्लं 21व्या दिवशी निघतात.